तिसऱ्या टाकीतली वाइन

९ नोव्हेंबर

ब्लॉग गेला, म्हणून ही वही. इथे खाली कोणी कमेंट करत नाही, एवढं बरं आहे.

सहा वर्षं मी आणि केयूरने नाशिकजवळ भाड्याच्या बंगल्यात राहून ‘घोटभर’ हा वाइनचा ब्लॉग चालवला. चव माझी, शब्द माझे, चेहरा आणि कॅमेरा त्याचा. लग्न करायचं राहून गेलं होतं, बाकी सगळं नवराबायकोसारखंच. या मार्चमध्ये एका वायनरीची बिघडलेली रेड वाइन चाखायला आली. मी लिहून दिलं, ‘ही पिऊ नका.’ ब्लॉगवर माझ्या नावाने आलं, ‘या वर्षीची सर्वात सुंदर रेड.’ बदल केयूरने केला. लोकांनी बाटल्या आणल्या, मोरीत ओतल्या आणि आम्हाला शिव्या घालायला सुरुवात केली. तेव्हा त्याने व्हिडिओ काढला. नजर खाली ठेवून म्हणाला, “जयाचं त्या वायनरीशी आधीच ठरलं होतं. मला अंधारात ठेवलं.” चार लाख लोकांनी तो पाहिला. माझं उत्तर पाहायला कोणी थांबलं नाही.

आता मी नागपुरात, सक्करदऱ्याला, संघपालदादाकडे. या घरात दारूचा थेंब आजवर आलेला नाही. पंचशील फ्रेम करून लावलंय आणि जेवायला बसलं की पाचवं शील, मद्य न पिण्याचं, नेमकं माझ्या डोळ्यांसमोर येतं. आई शेजारणींना सांगते, “जया खाण्यापिण्यावर लिहिते.”

आज उमरेडच्या बसने एका बागेत जाऊन आले. मधुकरराव आणि गोपिकाबाई असं जोडपं आहे. मधुकरराव कोळशाच्या खाणीत पंप दुरुस्त करायचे, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. घरामागे संत्र्याची बाग, शेडमध्ये स्टीलच्या तीन टाक्या. रीतसर परवाना काढून संत्र्याची वाइन करतात. माझं जुनं लिखाण वाचून त्यांनीच फोन केला. तो व्हिडिओ त्यांनी पाहिलाय की नाही, मी विचारलं नाही.

गोपिकाकाकूंनी ग्लास भरला. “खरं सांगजो वं. माह्या मनासाठी नोको सांगू.”

मी सांगितलं. सुरुवात छान, फुलासारखी. शेवट कडू. बिया चिरडल्या जातायत आणि पांढरी साल नीट निघत नाहीये.

मधुकरकाकाजींचा चेहरा उतरला. काकू मात्र हसल्या. “दोन महिन्यांपासून मी हेच म्हनून राहिली. ह्याईले पटत नव्हतं.”

उद्यापासून येते म्हटलं. नाशिकसारखा वाइनचा प्रांत सोडून वाइनच्या कामाला आले ते उमरेडला. केयूर ऐकेल तर पोट धरून हसेल.

१४ नोव्हेंबर

केयूरचा नवा व्हिडिओ पाहिला. पाहायचा नाही असं ठरवलं होतं. ग्लास फिरवून म्हणाला, “उन्हात वाळवलेलं अंजीर, आणि मागे ओल्या मातीच्या माठाचा गारवा.” ही दोन्ही वाक्यं माझी. तीन वर्षांपूर्वीची, वेगळ्याच वाइनवरची. शब्दसुद्धा बदलले नाहीत.

मी रडले नाही. मी फक्त विचार करत बसले की त्याला कुठे दुखेल.

२७ नोव्हेंबर

हाताला सालीचा वास कायमचा बसलाय. सकाळी गावातल्या पाचसहा बायका येतात, आम्ही ओळीने बसतो आणि फोडींवरचा पांढरा भाग नखाने ओढून काढतो. काम कंटाळवाणं आहे, पण मला आवडतंय. पहिल्या दोन टाक्यांत नव्याने लावलेली वाइन आता सरळ झाली आहे. कडवटपणा जवळजवळ गेला.

तिसरी टाकी मात्र बिघडली. वीज गेली तेव्हा झाकण उघडंच राहिलं आणि दोन दिवस कोणाच्या लक्षात आलं नाही. आज जवळ जाताच कळलं, आत सिरक्याचा, म्हणजे व्हिनेगरचा, आणि वर नेलपॉलिशचा उग्र वास. ती टाकी काकूंनी पहिल्यांदाच एकट्याने लावली होती, झाडं निवडण्यापासून. त्या नळाला पाइप जोडायला लागल्या, ओतून द्यायला.

“राहू द्या,” मी म्हटलं. “पूर्ण सिरका होईल. लोणच्याला चालेल.”

“लोनच्याले एवढा कोन नेईन?” त्या म्हणाल्या, पण पाइप काढून ठेवला.

८ डिसेंबर

अठरा जानेवारीला नागपुरात एका हॉटेलात फळांच्या वाइनचा मेळा आहे. विदर्भातले सगळे छोटे उत्पादक बोलावलेत. काकूंना पत्र आलंय. पत्राच्या तळाशी लिहिलंय, प्रमुख आस्वादक, केयूर. मंचावर प्रत्येकाची वाइन चाखून तिथल्या तिथे बोलणार, सगळं मोबाइलवर थेट दिसणार.

काकूंनी ते पत्र देव्हाऱ्याजवळ ठेवलं. मी संडासात जाऊन दार लावून बसले. भीतीने नाही. आनंदाने.

१२ डिसेंबर

कसं करायचं हे कळलं.

केयूरला चव नाही. हे जगात फक्त मला माहीत आहे. पूर्वी थोडीफार होती, पण कोरोनानंतर त्याने कष्ट घेणंच सोडलं. ग्लास नाकाशी धरायचा आणि माझ्याकडे पाहायचा. “आधी तू सांग.” मला वाटायचं, माझा मान ठेवतोय. मी हसले की तो कौतुक करायचा, मी ओठ मुडपले की नावं ठेवायचा. एकदा गॅस बारीक चालू राहिला होता, बाहेरच्या फाटकापर्यंत वास येत होता आणि हा शेजारच्या खोलीत मोबाइल बघत बसलेला. मी ओरडले तर म्हणे, लक्ष नव्हतं. दूध नासलं तरी मलाच हाक. इतका आळशी, इतका बेफिकीर माणूस मी पाहिला नाही. जेवणात मिरची मात्र वाढवत गेला, ताटात लाल तिखट घेऊन बसायचा.

अशा माणसासमोर सिरका ठेवायचा. तो त्याची स्तुती करेल, कॅमेऱ्यासमोर, माझ्याच चोरलेल्या शब्दांत. मग मी माइक मागायचा.

तिसरी टाकी ठेवायला सांगितली तेव्हा माझ्या मनात यातलं काही नव्हतं. हे लिहून ठेवते, म्हणजे पुढे माझा माझ्यावरच संशय यायला नको.

२० डिसेंबर

काकूंबरोबर इतवारीच्या बाजारात लेबल छापायला गेले. हातगाड्यांतून वाट काढत छापखान्यात पोहोचलो. काकाजींनी नाव सुचवलं होतं ‘ऑरेंज किंग’. मी म्हटलं, नाव ‘गोपिका’च ठेवा. केयूर डोळ्यांनी पितो. साधं, गावाकडचं, बाईचं नाव दिसलं की तो विरघळतो.

हे शेवटचं काकूंना अर्थातच सांगितलं नाही.

“माह्या नावाची दारू म्हनतीन लोकं,” त्या म्हणाल्या.

“तुमच्या हातची वाइन म्हणतील.”

नमुना छापून आला. फिकट पिवळ्यावर संत्र्याचं पान आणि खाली त्यांचं नाव. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “लग्नाच्या पत्रिकेवर छापलं होतं,” त्या म्हणाल्या. “त्याच्यानंतर आताच.” बागेत परत जाताना पूर्ण प्रवासात ते पाकीट मांडीवर सपाट धरून बसल्या होत्या, दुमडू नये म्हणून.

लेबल खरंच सुंदर झालंय. केयूर नक्की फसणार.

२ जानेवारी

दादाला सांगितलं. कोणाला तरी सांगायलाच हवं होतं. आम्ही तलावाच्या बाजूने चालत होतो. त्याने सगळं ऐकून घेतलं. दादा शाळेत गणित शिकवतो, मध्ये बोलत नाही.

“बाटलीवर नाव कोनाचं राहीन?” त्याने विचारलं.

“काकूंचं. पण मी लगेच सांगणार ना, की ही बिघडलेली टाकी आहे म्हणून.”

“लोकं तेवढं थांबून ऐकतीन का?”

“दादा, त्याने माझं काय केलं ते तू पाहिलंस.”

“पाहिलं. तू इथं आली तेव्हा महिनाभर गॅलरीतही उभी राहत नव्हती. त्याचा राग मलेही आहे. पन त्या बाईनं तुह्यं काय केलं?”

मला चीड आली. काकूंचं मी काय वाईट करतेय? त्यांची चांगली वाइनही तिथे असणारच आहे. आधी सिरका, मग गंमत उघड, मग खरी बाटली. उलट त्यांना प्रसिद्धीच मिळेल. दादाला हे धंदे कळत नाहीत.

११ जानेवारी

काकू पाहुण्यांकडे गेल्या होत्या. तिसऱ्या टाकीतून एक बाटली भरली, बूच लावलं, लेबल चिकटवलं. हात थोडा वाकडा झाला, लेबल तिरकं बसलं. काढून दुसरं लावलं. नीट बसलंच पाहिजे.

एक घोट घेऊन थुंकला. घशापर्यंत जळजळ. डोळ्यांतून पाणी आलं. उत्तम.

दुपारी काकू आल्या. माझ्यासाठी रुमालात बांधून तिळाचे लाडू आणले होते. मी दोन खाल्ले. तिसरा खाता आला नाही, पोट भरलं होतं.

१८ जानेवारी

क्रमाने लिहिते.

सकाळी दहाला हॉटेलात पोहोचलो. काकूंनी लग्नातला जांभळा शालू नेसला होता, काकाजींनी सफारी. बारा उत्पादक, सगळ्यांची टेबलं. प्रत्येकाने बाटली घेऊन मंचावर जायचं, केयूरला ओतून द्यायचं आणि बाजूला उभं राहायचं. काकू म्हणाल्या, “तूच जा वं. मले तं पायच उचलत नाही.” मला तेच हवं होतं.

केयूर बारीक झालाय. मला पाहिलं आणि हातातला कागद दुमडला. क्षणभर वाटलं, उठून जाईल. पण कॅमेरा चालू होता, त्यामुळे हसला. “जया. नमस्कार.”

मी ओतलं. माझ्या नाकाला हातभर अंतरावरून सिरका कळत होता. त्याने ग्लास फिरवला, नाकाशी नेला. आणि मग त्याने माझ्याकडे पाहिलं.

तीच नजर. आधी तू सांग.

दहा महिने मी त्याच्याशी बोलले नव्हते. तरी त्याने पाहिलं. आणि मी हसले. चांगली वाइन लागली की मी जशी हसायचे, अगदी तशी.

त्याचे खांदे खाली आले. त्याने घोट घेतला, जरा दचकला, पण सावरला. “काय तरतरीत आंबटपणा आहे,” तो म्हणाला. “पहाटे झाडावरून तोडलेलं संत्रं. अत्यंत स्वच्छ, अत्यंत प्रामाणिक वाइन.”

प्रामाणिक म्हणाला. मी माइक घेतला. “हा सिरका आहे,” मी म्हटलं. “दोन महिन्यांपूर्वी बिघडलेल्या टाकीतला. कोणीही येऊन वास घ्या.” पहिल्या रांगेतला एक हॉटेलवाला उठून आला, ग्लासाजवळ वाकला आणि नाक धरून मागे सरकला. सगळं सभागृह हसलं. मी पुढे बोलत होते, खरी वाइन दुसऱ्या बाटलीत आहे वगैरे, पण माझाच आवाज मला ऐकू येत नव्हता.

हसणाऱ्यांत काकू दिसल्या नाहीत. त्या टेबलाजवळ उभ्या होत्या, हात पदरात.

नंतर जिन्यापाशी केयूरने गाठलं. ओरडला नाही.

“मला वास येत नाही, जया. कोरोना झाला तेव्हापासून. काहीच नाही. जिभेला आंबट, गोड, तिखट कळतं, तेवढंच. मला वाटायचं तुला माहीत आहे. तू नेहमी आधी सांगायचीस, म्हणून वाटायचं, तू सांभाळून घेतेयस.”

“मला सांगायचं होतंस.”

“सांगितलं असतं तर तू एकटीने चालवला असतास ब्लॉग. माझं काय काम उरलं असतं?”

“म्हणजे माझं मत यायच्या आधीच त्या रेडचं कौतुक तू वायनरीला कळवून बसला होतास.”

“हो.”

“आणि ते झाकायला मला घालवलंस.”

तो कठड्याला धरून खाली गेला.

मी जिंकले. घरी येऊन दोनदा आंघोळ केली, तरी हाताचा वास जात नाही.

१९ जानेवारी

मोबाइलवर सगळीकडे तीच फीत. पण ती वीस सेकंदांपुरती कापली आहे. केयूर पितो, स्तुती करतो, हॉटेलवाला नाक धरतो. माझं बोलणं नाहीच. मध्यभागी बाटली, फिकट पिवळं लेबल, नाव अगदी स्पष्ट. खाली कोणीतरी लिहिलंय, ‘नागपूरची गोपिका वाइन. एक घोट, थेट दवाखाना.’ नऊ हजार लोकांना ते आवडलं.

केयूरला लोक दोन दिवस हसतील. काकूंच्या नावाने मात्र विनोद तयार होतायत.

२३ जानेवारी

बागेत गेले. काकाजी ओसरीवर मोबाइल घेऊन कमेंटी मोठ्याने वाचत होते, एकामागून एक, पाढे म्हणावे तसे. नागपुरात ज्या दुकानांत माल ठेवला होता त्यांनी बाटल्या परत पाठवल्यात, खोकी ओसरीवर रचून ठेवलीत. चांगल्या टाक्यांतल्या, मी स्वतः सुधारलेल्या.

काकू आतून आल्या. “जया, एक विचारू? ती बाटली चुकून गेली का?”

हो म्हणता आलं असतं. त्यांनीच वाट करून दिली होती.

“नाही,” मी म्हटलं. “मी मुद्दाम भरली. मला त्या माणसाचा सूड घ्यायचा होता.” आणि सगळं सांगितलं, नाशिकपासून.

काकाजी वाचायचे थांबले. काकू खाली बसल्या. “तो विडियो आम्ही पाहिला होता,” त्या म्हणाल्या. “तुले फोन करायच्या आधी. हे नोको म्हनत होते. मी म्हनलं, पोरगी खोटी नाही वाटत.”

मला तिथून उठताही येईना.

“आता घरी जा,” त्या म्हणाल्या. “मी सांगीन तेव्हा ये.”

३१ जानेवारी

काल काकूंचा फोन आला. सकाळी दहाला इतवारीत उभी राहा, एवढंच.

त्या एकट्याच आल्या, बसने, पर्स पोटाशी धरून. हातात दुकानांची यादी. ज्यांनी माल परत पाठवला होता ते सगळे, इतवारीपासून सक्करदऱ्यापर्यंत, अकरा ठिकाणं. “चाल,” म्हणाल्या. “आता तूच सांग सगळ्याइले.”

पहिल्या दुकानात माझ्या तोंडून शब्द फुटेना. गल्ल्यावरचा माणूस कंटाळला. काकू बाजूच्या स्टुलावर बसून राहिल्या, मदतीला आल्या नाहीत. शेवटी मीच म्हणाले, “ती बाटली मी ठेवली होती. यांना माहीत नव्हतं. यांची वाइन चांगली आहे.” तो म्हणाला, “आन तुम्ही कोन?” मी नाव सांगितलं. “अच्छा, त्या वायनरीवाल्या तुम्हीच का?” दुकानात चार गिऱ्हाइकं होती. सगळ्यांनी वळून पाहिलं.

दुसरीकडे तेच. तिसरीकडे मालकाने पोलिसात द्यायला पाहिजे म्हटलं. पाचव्या दुकानापर्यंत मला जमायला लागलं. सहाव्यात तर मी नाशिकपासून सुरुवात केली, केयूरची नजर, जिना, सगळं. दुकानदार चहा विसरून ऐकत होता, त्याचे डोळे पाणावले होते.

बाहेर आल्यावर काकू म्हणाल्या, “इथं तू गोष्ट सांगून राहिली होती. खरं सांग.”

“खरंच होतं ते, काकू.”

“तुह्यं खरं होतं. माह्यं नव्हतं त्याच्यात.”

उरलेल्या पाच दुकानांत मी तीनच वाक्यं बोलले. शेवटचं दुकान झालं तेव्हा चार वाजले होते. अकरातले चार जण माल ठेवून पाहतो म्हणाले. काकूंनी त्या चौघांच्या नावापुढे खूण केली. मला पाणी विचारलं नाही. बस आली तशी चढून गेल्या.

६ फेब्रुवारी

‘घोटभर’चा पासवर्ड केयूरकडे आहे, म्हणून माझ्या नावाने नवं पान उघडलं. त्यावर एकच लेख लिहिला. बाटली कोणी भरली, का भरली, काकूंना काय भोगावं लागलं. ‘जया आधीही खोटी होती, आताही’ असं म्हणायला लोकांना मीच कागद लिहून दिला. दादाने वाचला. म्हणाला, “ठीक लिवलं.” आईला वाचून दाखवायला मात्र त्याने नकार दिला.

लेखात एक परिच्छेद होता, केयूरच्या नाकाबद्दल. ज्याला वास येत नाही तो परीक्षक म्हणून फिरतो, हे कळलं की त्याचा धंदा एका दिवसात संपेल. टाकण्याआधी मी तो परिच्छेद काढून वेगळा ठेवला.

दया म्हणून नाही. हे स्वतःशी तरी स्पष्ट असावं. एकदा टाकला की संपलं. जवळ ठेवला तर केयूर रोज सकाळी उठून आधी माझं पान बघेल.

१७ फेब्रुवारी

पावसाळ्यात फुलणाऱ्या मृग बहाराची फळं सुरू झाली. काकूंनी बोलावलं. आधीसारखं नाही. जेवायचा डबा आता मी घरून नेते.

साली काढत होतो तेव्हा फोन वाजला. केयूरचा मेसेज. ‘तू ते लिहिलं नाहीस. धन्यवाद.’

धन्यवाद. मला राग आला, इतका की फोड हातात चिरडली. त्याने घाबरायला हवं होतं, हा आभार मानतोय. मी ओल्या बोटांनीच उत्तर लिहिलं, ‘अजून ठरवलेलं नाही.’ त्याने ते वाचलं. मग बराच वेळ तो काहीतरी लिहितोय असं दिसत राहिलं, आणि काहीच आलं नाही.

“कोन होतं?” काकूंनी विचारलं.

“कोणी नाही.”

त्यांनी दुसरं संत्रं सोलायला घेतलं. मग मी त्यांना नाकाचं सांगितलं. तो परिच्छेद मी कुठे ठेवलाय, तेही.

काकूंनी संत्रं सोलून पूर्ण केलं. “त्याच्या नाकाचं तू कायले सांभाळून राहिली वं?” त्या म्हणाल्या. “त्याचं त्याले देऊन टाक. नाही तं सांगून टाक सगळ्याइले. मधात नोको ठेवू.”

“विचार करते.”

“हो, कर,” त्या म्हणाल्या आणि भरलेलं घमेलं उचलून टाकीकडे गेल्या.

संध्याकाळच्या बसने घरी आले. परिच्छेद पुन्हा वाचला. दोन शब्द बदलले. आता जास्त चांगला झालाय.